गळ्यात पडून सांगितलेलं

रडण्याचीसुद्धा एक रीत असते. ज्याला ती ठाऊक नाही, त्यानं होळीच्या तोंडावर तीर्थपुरीजवळच्या त्या तांड्यावर येऊच नये, उगाच घाबरून जाईल. जीप थांबते, सासरहून आलेली लेक खाली उतरते, पिशवी तिथंच टाकते आणि समोर घरची जी बाई दिसेल तिच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला लागते. समोरचीही तिच्या पाठीवर हात फिरवत तेवढ्याच मोठ्यानं रडते. कुणी मेलेलं नसतं, वर्षानं भेट झालेली असते, एवढंच. आणि हे रडणं नुसतं हुंदक्यांचं नसतं, त्याला चाल असते. त्या चालीत लेक वर्षभराचं सगळं सांगते. म्हैस आटली, सासू टोचून बोलते, बापानं फार लांब दिलं, भावानं पाठ फिरवली. बंजाऱ्यांच्या लग्नात नवरी रडते त्याला ढावलो म्हणतात, हे त्याचंच धाकटं भावंड. रडणं संपलं की घरची सून तांब्याभर पाणी देते, लेक तोंड धुते, दोन घोट पिते, आणि मग दोघी हसून एकमेकींना विचारतात, कशी हायेस, बरी हाय.

याला नियमही आहेत. रडण्यात बाई काहीही बोलो, बापाला बोलो की तांड्याच्या नाईकाला बोलो, ते मनावर घ्यायचं नाही. रडणारीला मधे तोडायचं नाही, ओढायचं तर बिलकुल नाही. आणि एकदा पाणी दिलं की त्यातला शब्द पुन्हा काढायचा नाही. जुन्या लोकांनी चांगल्यासाठीच केलं असणार, बाईला वर्षातून एकदा तरी मनातलं ओकायला जागा हवी. पण बोलायला जागा दिली आणि ऐकणाऱ्याचे कान काढून घेतले, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही. निदान शिवकन्याच्या तरी नाही.

शिवकन्या राठोड त्या तांड्याची सून, आणि नऊ वर्षांपासून तांड्याची आशा, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका. बत्तीस घरं, त्यातल्या प्रत्येक बाळाचं वजन आणि प्रत्येक बाईचं रक्त तिला तोंडपाठ. बोलायला फटकळ, कामाला वाघीण. बाळंतपणाला गाडी आली नाही तर सरळ रस्त्यात उभी राहून ट्रॅक्टर अडवणारी. अशा बाईला स्वतःचा थोडा अभिमान असतोच, तसा तिलाही होता. आणि एका गोष्टीचा तर फारच होता. आपण नणंदेचा मोडता संसार सावरला, असं तिला मनापासून वाटायचं.

नणंद म्हणजे बेबीनंदा, नवरा राधेश्याम याची धाकटी बहीण. अंबडकडच्या एका तांड्यावर बद्रीनाथला दिलेली. दोघा नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीला जोडी धरली जाते ती. तो तोडायचा, ही मोळ्या बांधायची. मूलबाळ नाही. तीन वर्षांमागं पोळ्याच्या करीला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, बेबीनंदा नवऱ्याशी भांडून एकटीच माहेरी आली होती. शिवकन्यानं तिला चहा पाजला, चार शब्द सांगितले, भाकरी बांधून दिली आणि बद्रीनाथला फोन करून बोलावून घेतलं. तो मोटारसायकलवर आला, सासूच्या पाया पडला, बायकोला घेऊन गेला. ही गोष्ट शिवकन्यानं उषाबाईंच्या मंडळात दोनदा सांगितली होती, आणि दोन्ही वेळा बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. उषाबाईंनी मात्र वाजवल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं होतं, "अन् ती काय म्हणाली?" शिवकन्याला त्या प्रश्नाचा राग आला होता.

उषाबाई तीर्थपुरीच्या बौद्ध वस्तीतल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, शिवकन्याला आठवीत मराठी शिकवलेल्या. त्यांनी एक खोली भाड्यानं घेऊन बायकांचं मंडळ चालवलं होतं. लमाणाची येवो, पारध्याची येवो, मोमीनपुऱ्यातली येवो, कागद लिहून द्यायचा, दवाखान्यात सोबत जायचं, कोर्टात शेजारी बसायचं. यंदा त्यांनी नवीन काढलं होतं, की प्रत्येक वस्तीतली बायकांची गाणी लिहून आणा, एका बाजूला आपल्या बोलीत, दुसऱ्या बाजूला मराठीत, त्याचं पुस्तक करू. शिवकन्या म्हणाली, आमच्याकडं गाण्याहून रडणं भारी आहे, मी तेच आणते.

म्हणून होळीच्या आदल्या दिवशी बेबीनंदा जीपमधून उतरून तिच्या गळ्यात पडली, तेव्हा शिवकन्याचा एक हात नणंदेच्या पाठीवर फिरत होता आणि दुसऱ्या हातात, तिच्या पाठीमागं, मोबाईल चालू होता. विचारलं वगैरे काही नाही. घरचीच तर होती.

होळी झाली, धुळवड झाली. तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ बायकोला न्यायला येणार होता. दुपारी मटणाचं जेवण आणि चारच्या जीपनं दोघं परत. सकाळी अकराच्या सुमाराला घरात जरा निवांत झालं तशी शिवकन्या वही घेऊन बसली. एकेक ओळ ऐकायची, मोबाईल थांबवायचा, डावीकडं आपली गोरमाटी बोली लिहायची, उजवीकडं मराठी. घरात सगळं बोलणं गोरमाटीतच चालतं, आपण ते मराठीत सांगतोय इतकंच.

पहिल्या ओळी छान आल्या. "भाबी, मी आले. धूळ खात आले." "बापाच्या दारच्या लिंबाला मोहर आला, मला कुणी कळवलं न्हाई." शिवकन्याला वाटलं, ही ओळ उषाबाईंना फार आवडेल. तिनं पेन्सिलीला टोक काढलं आणि पुढं लिहायला लागली.

"पोळ्याच्या करीला मी तुझ्या दारात आल्ते. तू चुलीपुढं बसल्ती."

"मी म्हनलं, भाबी, मला ठेवून घे, तो मारून टाकीन."

"तू म्हनलीस, नांदती नणंद घरात ठेवली तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"दोन भाकरी बांधल्यास. वर ठेचा घातलास. अन् वट्यावर जाऊन त्याला फोन केलास."

इथपर्यंत तिचा हात चालत होता. नऊ वर्षं फॉर्म भरल्यानं हाताला सवय झालेली, डोकं मागून येतं. पुढच्या ओळीही तिनं तशाच लिहिल्या.

"कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी उभी केली. डिकीतून पाना काढला. म्हनला, उजवा हात कठड्यावर ठेव. मी ठेवला."

"भाकरी कालव्यात पडल्या, भाबी."

"उजवा गेला. आता म्हनतो डावा राह्यला. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला, दसऱ्यापस्तोर मोळ्या बांधायच्या न्हाईत, मंग तुझ्या हाताचं काय काम. ह्या होळीला माहेरी रडून घे म्हनला."

शिवकन्यानं पेन्सिल खाली ठेवली. आपण चुकीचं लिहिलं असेल, असं तिला वाटलं. तिनं पुन्हा लावलं, मोबाईल कानाला धरून ऐकलं. शब्द तेच होते. पण या वेळी तिला आणखी एक आवाज ऐकू आला, जो आधी कानावरून गेला होता. बेबीनंदाच्या प्रत्येक ओळीमागं कुणीतरी चालीत, गळा काढून म्हणत होतं, हो गं माय, हो गं. तो पाना काढला, हो गं माय. मी हात ठेवला, हो गं माय, हो गं. तो आवाज तिचा स्वतःचा होता.

वही मांडीवरून घसरली ती उचलायचंही सुचेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, कालव्याचा पूल तिला ओळखीचा वाटत होता. मागच्या होळीच्या रडण्यातही तो आला होता, त्याच्या मागच्याही. पुलाची ओळ आली की चाल वर चढायची, आणि आपण अजून मोठ्यानं रडायचो, हे तिला आठवलं. पूल तिच्या कानात तीन वर्षं होता, पण गाण्यातला पूल म्हणून होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की बत्तीस घरी जाऊन बायकांना दुखणं विचारणारी बाई, आणि तिच्याच गळ्यात पडून सांगितलेलं तिला कळलं नाही.

ती बाहेर आली. बेबीनंदा मोरीवर भांडी घासत बसली होती, डाव्या हातानं. उजवा हात मांडीवर उताणा पडलेला, बोटं अर्धवट मिटलेली. तीन वर्षं ती डाव्या हातानंच जेवत होती, तांब्याही डाव्या हातानंच घेत होती. सगळ्यांना दिसत होतं. गाडीवरून पडली म्हणाली, म्हणून सगळे गप्प बसले.

"बेबी, हात कशानं मोडला?"

"गाडीवरून पडले ना, भाबी. तव्हाच सांगितलं की." बेबीनंदा हसली.

"कालव्याच्या पुलावर?"

बेबीनंदाचा डावा हात थांबला. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "ते रडन्यातलं हाय. पानी देल्यावर ते काढत न्हाईत, भाबी."

"खरं हाय का तेवढं सांग."

"रडन्यात खोटं कोन बोलतं?"

"मंग साधं बोलून का न्हाई सांगितलंस मला?"

बेबीनंदानं पातेलं पालथं घातलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती, हेच शिवकन्याला सोसवेना. ती म्हणाली, "साधंच सांगितलं होतं की. करीच्या दिवशी."

शिवकन्या तिथंच मोरीच्या दगडावर बसली. साडी भिजली तरी तिला कळलं नाही. चुलीपुढं बसून आपण भाकरी थापत होतो, ही मागं उभी राहून बोलत होती, आणि आपण मान वळवूनसुद्धा बघितलं नव्हतं, हे तिला आता लख्ख दिसायला लागलं. फोन करताना आपण बद्रीनाथला "दाजी, जल्दी या, रुसून आलीय" असं हसत म्हणालो होतो, तेही आठवलं. तिला स्वतःची किळस आली. पण बसून चालणार नव्हतं. चारला जीप होती, आणि जीपमध्ये बेबीनंदा बसली की तिचा डावा हात जाणार होता. हातावरच भागेल हे तरी कशावरून, त्या माणसाचा काय भरवसा.

तिनं उषाबाईंना फोन लावला. फोन बंद. त्या कुठल्याशा बाईच्या तारखेला जालन्याच्या कोर्टात गेल्या होत्या. मग ती नवऱ्याकडं गेली. एव्हाना बद्रीनाथ येऊन आत बाजेवर आडवा झाला होता, आणि राधेश्याम अंगणात मटण कापत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं, सुरी थांबली, चेहरा उतरला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच. "रडन्यातलं बोलनं बाहेर काढून राह्यली तू. पाहुना घरात आला, जेवू तर दे त्याला. मंग बघू."

"मंग कव्हा? ती गेल्यावर?"

राधेश्याम पुन्हा मटण कापायला लागला. बायका म्हणतात तसं, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मग ती पुंजाराम नाईकाकडं गेली. म्हातारा वाईट माणूस नव्हता. त्यानं पंच्याहत्तर वर्षांच्या आयुष्यात तांड्यातली शंभर भांडणं मिटवली होती. त्यानं चिलीम बाजूला ठेवली आणि सांगितलं, "पोरी, रडन्यातली साक्ष पंचात चालत न्हाई. चालली तर उद्या एकबी बाई रडायची न्हाई. बेबीनं साधं येऊन माझ्यापुढं सांगू दे."

ते काही खोटं नव्हतं. पण बेबीनंदा नवऱ्यादेखत नाईकापुढं साधं बोलणार कशी? पुलावर हात ठेव म्हटल्यावर ठेवणारी बाई ती.

तीन वाजता उषाबाईंचा फोन लागला. शिवकन्या बोलायला लागली आणि बोलता बोलता तिला रडू फुटलं, बिनचालीचं, तोंड वेडंवाकडं करणारं. उषाबाईंनी मधे एकही शब्द टाकला नाही. सगळं संपल्यावर एवढंच विचारलं, "तिला जायचंय का?"

"न्हाई, बाई."

"तू विचारलंस का तिला?"

तेही राहिलंच होतं.

"बरं. मी अजून जालन्यातच, मस्तगडला आहे, इथून आपल्या मंडळातल्या चौघीजणींना गाडीत घेते. ठाण्यातही कळवते. पण मला पोचायला साडेपाच होतील, शिवकन्या. तोवर तिला जीपमध्ये बसू देऊ नको. अन् त्याच्याशी भांडण काढू नको, भांडलीस तर तो तिला ओढून नेईल अन् तुमचे लोक बघत बसतील."

चार ते साडेपाच, दीड तास. न भांडता कसा काढायचा? शिवकन्या चुलीपाशी आली. तिथं सासू सकरीबाई शिजत आलेलं मटण ढवळत होती. सत्तरीची म्हातारी, अंगावर अजून जुनी आरशांची चोळी, कांचळी, हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, बलोटी. शिवकन्यानं तिला सगळं सांगितलं. म्हातारीनं उलथनं हलवणं थांबवलं नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली.

शिवकन्याला आधी नीट कळलंच नाही.

"माय हाये मी तिची. तुझ्या गळ्यातून सुटली की दरसाल ती माझ्या गळ्यात पडती. मला काय ऐकू येत न्हाई? पर पानी देलं की तोंड बंद, असंच माझ्या मायनं शिकविलं. माझीबी दोन हाडं अशीच जुळली, वाकडी." तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं. "रीतीनं आपल्याला गप केलं ना? मंग रीतीनंच धरू तिला. निघतानाबी गळ्यात पडून रडायची रीत हाय, अन् रडनारीला ओढत न्हाईत. जोवर रडनं चालू, तोवर जीप उभी."

शिवकन्या म्हातारीकडं बघतच राहिली. ज्या घरात ती सतरा वर्षं नांदली, त्या घरातल्या या बाईला आपण ओळखलंच नव्हतं, हा त्या दिवसाचा तिला बसलेला आणखी एक धक्का. मग तिनं आशाची पिशवी काखेला मारली, कारण पिशवी पाहिली की कोणी अडवत नाही, आणि बत्तीस घरांची फेरी सुरू केली. दारात उभी राहून सगळ्यांना साध्या शब्दांत बेबीनंदाचं सांगत गेली, आणि चारला रडायला या म्हणत गेली. काहीजणी तोंडाला पदर लावून ऐकत राहिल्या. एकीनं दार लावून घेतलं. एक म्हणाली, "त्यात नवीन काय?" पण ती निघायला पायात चप्पल घालता घालताच म्हणाली.

चार वाजता जीप आली. बद्रीनाथ जेवून, हात धुऊन, पांढऱ्या शर्टात, दातात काडी घालून उभा. पाहुण्याला शोभेल असाच दिसत होता, हेच भयंकर. बेबीनंदानं पिशवी उचलली आणि रीतीप्रमाणे आईच्या गळ्यात पडली.

सकरीबाईनं जो सूर लावला तो तांड्याच्या पार टोकापर्यंत गेला. लेकीच्या जन्मापासून सुरू केलं तिनं. कोणत्या फडात जन्मली, कोणत्या उसाच्या पाचटावर निजवली, दात कधी आला, खोकला कधी झाला. वीस मिनिटं झाली तरी पोर अजून रांगतच होती. मग शेजारची उठली आणि तिनं बेबीनंदाला आपल्या गळ्यात घेतलं. मग तिच्या शेजारची. एक सोडते न सोडते तोवर दुसरी धरत होती, आणि दार लावून घेतलेली ती बाईही कधीतरी येऊन रांगेत उभी राहिली होती. बेबीनंदा आधी बावरली. मग तिला काहीतरी कळलं असावं. तिनं पिशवी हातातून सोडून दिली.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. बद्रीनाथ आधी हसला, मग घड्याळ बघितलं, मग म्हणाला, "लै झालं आता, चला." कुणी ऐकलं नाही. पुरुष नेहमीसारखे लिंबाखाली उभे होते. पण बायकांच्या रडण्यात काय येतंय हे हळूहळू त्यांच्या कानावर पडायला लागलं. एकेक बाई बेबीनंदाचं निमित्त करून स्वतःचं सांगत होती. एकीच्या पाठीवर कढईचा डाग होता. एकीला बाळंतपणानंतर आठव्या दिवशी फडात उभी केली होती. शिवकन्या प्रत्येकीच्या घरी महिन्याला दोनदा जात होती, वजन घेत होती, गोळ्या देत होती, "काही त्रास?" असं विचारत होती, आणि सगळ्याजणी "बराबर हाय" म्हणून अंगठा देत होत्या. नऊ वर्षांत तिला जे कळलं नव्हतं, ते तिला त्या तासाभरात कळलं.

तिची पाळी आली. बेबीनंदा तिच्या गळ्यात पडली, दमलेली, घामानं भिजलेली. शिवकन्यानं चाल धरली, कारण चालीत असताना कुणी तोडू शकत नव्हतं.

"करीच्या दिवशी तू आल्तीस, बेबी, मी मान वळविली न्हाई. फोन मी केला. पुलावर बद्रीनाथनं पाना काढला, तुझा उजवा हात त्यानं मोडला, अन् आता डावा मागून राह्यला. तू दरसाल मला सांगितलंस, अन् मी दरसाल हो गं माय, हो गं केलं."

नाव आलं. चालीत आलं, पण सगळ्यांसमोर आलं. लिंबाखालची कुजबूज थांबली. बद्रीनाथ तीन ढांगांत पुढं आला आणि त्यानं बेबीनंदाचा हात धरून ओढला. डावाच हात.

जे झालं ते एवढ्यानंच झालं, हे सांगायला हवं. पाना काढला हे ऐकून जे पुरुष जागचे हलले नव्हते, ते रडणाऱ्या बाईला ओढलेली बघून चपापले. रीत मोडली ना. हसावं की रडावं कळत नाही, पण असं झालं खरं. पुंजाराम नाईक काठी टेकत मधे आला आणि त्यानं ती काठी बद्रीनाथच्या मनगटावर आडवी ठेवली.

"हात सोडा, पाहुने."

"माझी बायको हाय."

"रडून राह्यली ती. सोडा."

राधेश्यामही येऊन उभा राहिला, नाईकाच्या शेजारी, खाली मान घालून. उशिरा का होईना, आला. बद्रीनाथनं हात सोडला. जीपवाला वैतागून इतर माणसं घेऊन निघून गेला, आणि बायकांनी पुन्हा बेबीनंदाला आपल्यात घेतलं. गळे बसले होते, कुणाच्या तोंडून धड सूर निघत नव्हता, तरी थांबल्या नाहीत.

पावणेसहाला उषाबाईंची गाडी आली. मागून ठाण्याची. उषाबाई थेट बेबीनंदापाशी आल्या. तिला जवळ वगैरे घेतलं नाही, समोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, "बेबीनंदा, तुला जायचंय का त्याच्याबरोबर?"

सगळ्या बायका गप्प झाल्या. बेबीनंदानं तोंडावरचा पदर काढला. नाईकाकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि चाल न लावता म्हणाली, "न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या, बेबीनंदा आणि उषाबाई जालन्याच्या दवाखान्यात होत्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी फोटो उजेडाला धरला आणि सांगितलं, की मनगटाची दोन्ही हाडं मोडून वाकडी जुळली आहेत, पुन्हा मोडून बसवावी लागतील. 'पुन्हा मोडून' ऐकल्यावर बेबीनंदानं उजवा हात पदराखाली घेतला. शिवकन्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, पण थोपटला नाही. थोपटायची तिला आता भीती वाटत होती.

"तेव्हाच आला असतात तर साध्या प्लास्टरवर निभावलं असतं," डॉक्टरीणबाई कागद पुढं ओढून म्हणाल्या. "हे पोलिसांच्या कागदावर जाणार आहे, म्हणून विचारते. तीन वर्षं कुणालाच सांगितलं नाही का?"

बेबीनंदा फरशीकडं बघत राहिली. भावजयीची लाज तिला अजूनही राखायची होती.

"सांगितलं होतं," शिवकन्या म्हणाली. "मला सांगितलं होतं."

"तुम्ही कोण यांच्या?"

"भावजय. अन् तांड्याची आशा."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं, उषाबाईंनी खिडकीकडं बघितलं. शिवकन्याचे डोळे वाहायला लागले. बेबीनंदानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली, दातानं झाकण उघडलं आणि डाव्या हातानं तिच्यापुढं धरली, रीतीप्रमाणे.

शिवकन्यानं ती घेतली नाही.

"पानी नंतर," ती म्हणाली. "आधी लिव्हून होऊ दे. शिवकन्या राधेश्याम राठोड. त्याला फोन मी केल्ता, तेबी लिव्हा."